बँडवाल्यांवर क्राइम फिल्म करतोय, गुन्हा उपरा वाटतोय

जुनं_नाशिक
मित्रांच्या पैशांतून छोटी फिल्म करतोय. नाशिकची ब्रास बँड पार्टी, थोरला भाऊ क्लॅरिनेटवर, धाकटा साईड ड्रमवर. वरातीत खून होतो. भद्रकाली आणि दहीपुलाच्या गल्ल्यांत शूट करायचंय. स्क्रिप्ट वाचणारे म्हणतात, बँडच्या जागी केटरिंगवाले ठेवले तरी गोष्ट तीच राहील. ते मला फार लागलंय. काय बदलू? शिवाय वरातीत गाजलेली हिंदी गाणी वाजणार. वाजवणारे आमचेच वादक आहेत, तरी परवानगी लागते का?

पितळी_बाजा
मी बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवलंय, म्हणून कळकळीने सांगतो. खुनापासून नको, आषाढापासून सुरू करा. चातुर्मास लागला की मुहूर्त संपले. गणपतीत थोडं काम मिळतं, बाकी तुळशीच्या लग्नापर्यंत हात रिकामे. घर चालवायला वादक मालकाकडून उचल घेतो आणि लग्नसराईत वाजवून फेडतो. फिटेपर्यंत दुसऱ्या पार्टीत जायचं नाही. आता ऐन वैशाखात थोरल्याला दुसरीकडून जास्त पैशांचं बोलावणं येऊ द्या. ड्रमवाला बदली मिळतो, पण गाणं उचलणारा क्लॅरिनेट गेला तर सुपाऱ्या जातात. मालक त्याला सोडणार नाही, हातही लावणार नाही, कारण त्याची बोटं हवीत. मग राग निघेल तो धाकट्यावर. हे केटरिंगवाल्यांत घडणार नाही.

एक विनंती. नटाला डावा अंगठा शिकवा. क्लॅरिनेटच्या मागच्या बाजूला अंगठ्याचं भोक आणि वर एक चावी असते, वरचे सूर त्या चावीशिवाय निघत नाहीत. पडद्यावर तो अंगठा नुसता टेकलेला दिसला की जीव तुटतो.

पंचवटीचा_वकील
परवानगी लागेल. खऱ्या वरातीत वाजवायला कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२ मध्ये सूट आहे, लग्नाची मिरवणूक त्यात स्पष्ट लिहिलीय. तुमची वरात मात्र शूटिंगसाठी उभी केलेली. स्वतः वाजवलंत तर मूळ रेकॉर्डिंगचा प्रश्न सुटतो, चालीचा हक्क उरतोच, तोही संगीतकाराच्या मृत्यूनंतर ६० वर्षं. पारंपरिक चाली घ्या किंवा तुमच्या बँड मास्तरांकडून नवी बांधून घ्या, आणि त्यांच्याशी लेखी करार करून योग्य पैसे द्या.

बूमवाला
पितळी_बाजांचं पटलं. 'द हार्डर दे कम' (१९७२) या जमैकाच्या फिल्ममध्येही गायकाला गाणं वीस डॉलरला विकावं लागतं, आणि पुढचं सगळं त्या व्यवहाराला धरून येतं.

आवाज जागेवरच घ्या. अरुंद गल्लीत पितळेचा आवाज भिंतींवर आपटून परत येतो, तो स्टुडिओत तयार करणं अवघड. चाल दर वेळी पूर्ण वाजवून घ्या, नाहीतर एडिटला लय जुळणार नाही. रात्री १० नंतर उघड्यावर वाजवायला बंदी असते, शूटिंगची वेळ तशी ठरवा. माझं मत विचाराल तर गोष्टीतही पोलिसांनी दहाला बँड थांबवावा आणि खून त्यानंतर व्हावा. दणदणाटात किंकाळी बुडाल्याचे सीन खूप झालेत.

जुनं_नाशिक
वकीलसाहेब, बूमवाले, दोघांचेही आभार. गाजलेली गाणी काढतो, चाल मास्तरांकडूनच बांधून घेतो. पितळी_बाजा दादा, उचलीचा कागद होतो का?

पितळी_बाजा
मी पाहिलं तिथे नाही. मालकाच्या वहीत नाव आणि आकडा, वादकाकडे काहीच नाही. किती फिटले आणि किती राहिले, ते मालक सांगेल तेच. तुमच्या धाकट्याला ती वही एकदा वाचायला मिळू द्या.