रक्तगट जुळत नाही, तरी आईची किडनी बाबांना चालेल?

बाबांचा गट ओ, आईचा बी. घरात दुसरं कुणी देण्याजोगं नाही. मला स्वतःला मधुमेह आहे. डॉक्टर म्हणाले, गट न जुळताही करता येतं. आई लगेच तयार झाली, पण माझा धीर होत नाही. कुणी केलंय का? आणि आई आरएच निगेटिव्ह आहे, त्याचं काय?

सांगलीची वहिनी:
मी केलंय भाऊ, सहा वर्षं झाली. आमचंही हेच, हे ओ आणि मी बी. आरएचचा विचार किडनीसाठी करत नाहीत, ती चिंता सोडा. खरा प्रश्न बाबांच्या रक्तात बी-विरोधी अँटिबॉडी, म्हणजे बी गटावर हल्ला करणारी प्रथिनं, किती आहेत याचा. त्या मापाला टायटर म्हणतात, दुसरा आकडा मोठा तितक्या त्या जास्त. यांचं १:२५६ होतं. ऑपरेशनच्या दोन आठवडे आधी रिटुक्सिमॅबचं इंजेक्शन दिलं, म्हणजे नव्या अँटिबॉडी तयार करणाऱ्या पेशी कमी होतात. मग पाच वेळा प्लाझ्मा, म्हणजे रक्तातला पातळ भाग, बदलला. काढलेल्याच्या जागी एबी गटाचा प्लाझ्मा चढवतात, त्यात ए-बीविरुद्ध अँटिबॉडी नसतात. प्रत्येक वेळी रिपोर्ट येईपर्यंत मी जिन्यात बसून असायचे. १:८ आलं तेव्हा तारीख मिळाली. नंतरचे दोन आठवडे सगळ्यात जपायचे, रोज टायटर बघायचे. तेवढे निभावले की पुढे अँटिबॉडी परत वाढल्या तरी किडनी बहुतेक वेळा जुळवून घेते.

संसर्गाला मात्र फार जपा. यांना तिसऱ्या महिन्यात लघवीचा संसर्ग झाला, आठ दिवस ॲडमिट. घरी भेटायला येणाऱ्यांना मी सरळ दारातून परत पाठवलं. चार माणसं रागावली, रागावू देत.

नागपूरकर:
आधी स्वॅपची चौकशी करा. अवयव प्रत्यारोपण कायद्यातल्या २०११ च्या दुरुस्तीपासून जवळच्या नातेवाइकांच्या दोन जोड्यांना दात्यांची अदलाबदल करता येते. औषधं कमी, खर्चही कमी.

सांगलीची वहिनी:
खरंय, पण रुग्ण ओ असला की जोडी मिळणं अवघड. ज्यांच्या घरात ओ दाता आहे, ते बहुधा आपल्याच माणसाला देतात ना. आम्ही नाव नोंदवून अकरा महिने थांबलो, तोवर यांचा फिस्टुला, म्हणजे डायलिसिससाठी हातात केलेला रक्तवाहिन्यांचा जोड, दोनदा बंद पडला. नाव नोंदवाच, पण टायटरही आत्ताच करून घ्या.

आणि आईला एकटं बसवून विचारा, तुमच्यासमोर नको. मला समाजसेविका ताईंनी असंच विचारलं होतं. "हो" मी तिथेही म्हटलं, पण तोवर मला कुणी विचारलंच नव्हतं.

प्रश्नकर्ता:
वहिनी, उद्याच टायटरला देतो. आईशी आज रात्री मामी बोलेल, मी बाहेर जाईन.