ऑफ-रोड गाडी लांब पल्ल्यावर ओढून न्यायची आहे : टो-बार, डॉली की ट्रेलर?

डोंगरवाट :

नमस्कार. माझ्याकडे केवळ खडबडीत वाटांसाठी तयार केलेली एक जुनी फोर-बाय-फोर गाडी आहे. तिचे वजन सुमारे १,९०० किलो असून सस्पेन्शन उंच केलेले आहे आणि टायर मोठे, जाड नक्षीचे आहेत. गिअरबॉक्स मॅन्युअल आहे, ट्रान्सफर केस (गिअरबॉक्समधून आलेला जोर पुढच्या व मागच्या चाकांकडे वाटणारी पेटी) लिव्हरने चालते व तिला न्यूट्रलची जागा आहे. पुढच्या चाकांना हाताने फिरवून सोडता येणारे लॉकिंग हब आहेत. महामार्गावर ही गाडी तासन्‌तास चालवणे कष्टाचे होते, म्हणून यापुढे ती पिकअपमागे ओढून न्यावी असा विचार आहे. पिकअपची ओढण्याची कमाल क्षमता उत्पादकाने ३,००० किलो दिली आहे. अंतर काहीशे किलोमीटर असून वाटेत मोठा चढउतार आहे.

चारही चाके जमिनीवर ठेवून टो-बारने (दोन गाड्या जोडणाऱ्या ताठ दांड्याने) ओढावी, पुढची चाके डॉलीवर (दोन चाकांच्या छोट्या गाड्यावर) चढवावीत, की संपूर्ण गाडी ट्रेलरवर घ्यावी? टो-बार सर्वांत सुटसुटीत वाटतो, पण ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये टाकली की गिअरबॉक्सला खरोखर काही धोका उरत नाही का, याची खात्री वाटत नाही. जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.

गिअरपेटी :

आपल्या शेवटच्या शंकेपासून सुरुवात करतो, कारण पद्धतीची निवड तिच्यावरच अवलंबून आहे. गाडी ओढली जात असताना चाके फिरतात, चाकांबरोबर प्रोपेलर शाफ्ट (ट्रान्सफर केस आणि ॲक्सल जोडणारा लांब दांडा) फिरतो, आणि तो शाफ्ट पुढे जे काही फिरवेल त्याला तेल मिळते की नाही, हा खरा प्रश्न असतो. ऑटोमॅटिक गिअरबॉक्समधला तेलाचा पंप सहसा इंजिनच्या जोरावर चालतो, त्यामुळे इंजिन बंद ठेवून चाके फिरू दिली तर आतले भाग कोरडे घासले जातात. ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये असली की चाके आणि गिअरबॉक्स यांचा संबंध तुटतो व गिअरबॉक्स स्थिर राहतो. म्हणूनच जीप रँग्लरसारख्या गाड्यांच्या पुस्तिकेत ट्रान्सफर केस न्यूट्रलमध्ये आणि मॅन्युअल गिअरबॉक्स मात्र गिअरमध्ये ठेवून ओढण्याची सूचना असते. आपल्या गाडीच्या पुस्तिकेत काय लिहिले आहे ते शब्दशः पाहावे. तिथे मनाई असेल तर विषय संपला.

लिव्हर न्यूट्रलवर दिसते म्हणजे आतले दाते सुटलेच असे जुन्या गाडीत गृहीत धरू नये, कारण लिव्हरचे सांधे झिजलेले असतात. सपाट जागी, समोर-मागे कोणी उभे नसताना इंजिन सुरू करून पहिला गिअर टाकावा आणि क्लच हळूहळू सोडावा. मग रिव्हर्स टाकून तेच करावे. गाडी दोन्ही वेळा जागची हलली नाही तरच न्यूट्रल खरे. मात्र या स्थितीत गिअर टाकून ठेवलेला असला तरी तो गाडीला धरून ठेवत नाही, कारण चाकांशी त्याचा संबंधच राहिलेला नसतो. टो-बार जोडून पूर्ण होईपर्यंत चाकांखाली उटी (चाक अडवणारे ठोकळे) हव्यातच. तेवढ्याच वेळात गाडी उतारावर घरंगळून माणूस मध्ये सापडू शकतो.

फुल-टाइम फोर-व्हील-ड्राइव्ह किंवा ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडीला यातले काहीही सरसकट लागू होत नाही. तिथे दोन चाके उचलून दोन फिरू दिली, तर मधले कपलिंग किंवा डिफरन्शियल तापून निकामी होऊ शकते.

ओझेवाहू :

वरील माहिती अचूक आहे, तरीही आपण टो-बार घेऊ नये असे माझे स्पष्ट मत आहे. जाताना गाडी धडधाकट असते, पण परतताना ती कोणत्या अवस्थेत असेल याचा विचार करून पद्धत निवडावी. ऑफ-रोड गाडीचा टाय-रॉड वाकणे, ॲक्सल शाफ्ट तुटणे, टायरची बाजू फाटणे हे नेहमीचे प्रकार आहेत. टो-बारवर ओढल्या जाणाऱ्या गाडीचे स्टीअरिंग, बेअरिंग आणि टायर शाबूत असावेच लागतात. यातले एक जरी बिघडले तरी परतीचा मार्ग बंद होतो आणि मग माणूस अर्धवट दुरुस्तीवर गाडी महामार्गावर काढतो. ट्रेलरवर मात्र तुटलेली गाडीही तितकीच सुरक्षित राहते. शिवाय सॉलिड ॲक्सल आणि मोठे टायर असलेल्या उंच गाडीची पुढची चाके ओढताना जोरजोरात थरथरू लागण्याची शक्यता असते, आणि ते थांबवायला त्या गाडीत कोणी बसलेले नसते.

दुसरा प्रश्न ब्रेकचा. टो-बारमागची गाडी स्वतः ब्रेक लावत नाही. त्यासाठी वेगळे पूरक ब्रेक-यंत्र बसवावे लागते, अन्यथा १,९०० किलोंचा सगळा रेटा उतारावर एकट्या पिकअपच्या ब्रेकवर येतो. वेग ६० वरून ९० केला तर थांबवायची ऊर्जा सव्वादोन पट होते, हे वजन ओढणाऱ्याने विसरता कामा नये.

ट्रेलर निवडल्यास हिशेब असा होईल : गाडी १,९०० किलो, दोन ॲक्सलचा ट्रेलर सुमारे ७५० किलो, सुटी चाके व हत्यारे १५० किलो, म्हणजे एकूण २,८०० किलो. ३,००० च्या मर्यादेत हे बसते, पण काठावर. म्हणून अंदाजावर न विसंबता सर्व सामानासह वजनकाट्यावर तोलून घ्यावे. एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के भार हिचवर (पिकअपमागे ट्रेलर जोडायच्या जागेवर) यावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. तो येथे २८० ते ४२० किलो होतो, आणि हिचची स्वतःची मर्यादा त्याहून कमी असेल तर तीच अंतिम मानावी. हा भार पिकअपच्या वहनक्षमतेतूनही वजा होतो. गाडी ट्रेलरवर फार मागे उभी केली तर हिचवरचा भार घटतो आणि ट्रेलर डावी-उजवीकडे झुलू लागतो. तो झुलू लागलाच तर पिकअपचा ब्रेक दाबू नये, स्टीअरिंगने झटके देऊ नयेत. स्टीअरिंग सरळ धरून ॲक्सिलरेटर सोडावा आणि ट्रेलरच्या ब्रेकचे स्वतंत्र बटण असल्यास तेवढेच हलके दाबावे.

चाकोरी :

डॉलीबद्दल कोणी लिहिले नाही म्हणून थोडक्यात. मागची चाके जमिनीवर फिरतात, त्यामुळे ट्रान्सफर केसचे न्यूट्रल पुस्तिकेप्रमाणे चालत नसेल तर मागचा प्रोपेलर शाफ्ट काढावा लागतो. काही गाड्यांत तो काढला की ट्रान्सफर केसच्या शेपटाकडून तेल गळते, तिथे टोपण बसवावे लागते. रुंद टायर डॉलीच्या खाचेत बसतीलच असे नाही. शिवाय डॉली किंवा टो-बार लावलेली जोडी रिव्हर्स घेता येत नाही असेच समजावे. अरुंद जागी चूक झाली तर सगळे सोडूनच वळावे लागते.

डोंगरवाट :

सर्वांचे मनःपूर्वक आभार. परतीच्या अवस्थेचा मुद्दा मी अजिबात विचारात घेतला नव्हता. आता स्वतंत्र ब्रेक असलेला ट्रेलरच घेण्याचे ठरवतो. एक शंका उरते. गाडी चॅसिसला बांधावी की ॲक्सलला? आणि बंद पडलेली गाडी ट्रेलरवर चढवायची कशी?

ओझेवाहू :

ॲक्सलला किंवा चाकांना बांधावी, विशेषतः आपल्यासारख्या उंच, मऊ सस्पेन्शनच्या गाडीत. पट्टा चॅसिसला असेल तर खड्ड्यात चॅसिस खाली दबतो, पट्टा क्षणभर सैल पडतो आणि तेवढ्यात हुक निसटू शकतो. ॲक्सलला बांधल्यावर वरचे धूड कितीही हलले तरी पट्ट्याचा ताण तसाच राहतो. चार कोपऱ्यांना चार स्वतंत्र रॅचेट पट्टे घ्यावेत, आणि निवड करताना लेबलवरचा काम करण्याचा भार पाहावा. तुटण्याचा भार त्याच्या साधारण तिप्पट असतो व जाहिरातीत तोच मोठ्या अक्षरांत दिसतो. ब्रेकची नळी पट्ट्याखाली दबत नाही ना, धारदार कडेवर पट्टा घासत नाही ना, हे वाकून पाहावे. गाडी गिअरमध्ये, ट्रान्सफर केस न्यूट्रलबाहेर आणि हँडब्रेक ओढलेला असावा. दहा-पंधरा किलोमीटरनंतर थांबून सर्व पट्टे पुन्हा ताणावेत, कारण सुरुवातीला ते थोडे सैल पडतातच.

ट्रेलरच्या सुरक्षा-साखळ्या हिचखाली एकमेकींना छेदून अडकवाव्यात, म्हणजे जोड सुटला तरी ट्रेलरचा दांडा जमिनीवर न आपटता साखळ्यांवर तोलला जातो. ब्रेकअवे स्विचची (ट्रेलर सुटल्यास त्याचे ब्रेक आपोआप लावणाऱ्या कळीची) तार साखळीला न बांधता पिकअपला स्वतंत्र जोडावी.

गिअरपेटी :

बंद गाडी ट्रेलरच्या पुढच्या टोकाला बसवलेल्या विंचने (दोर गुंडाळून ओढणाऱ्या यंत्राने) चढवावी. दुसऱ्या गाडीने दोर बांधून झटक्याने ओढू नये. चिखलातून काढायचा ताणला जाणारा दोर आणि टोइंगचा पट्टा या भिन्न वस्तू आहेत, आणि तो ताणला जाणारा दोर टो-बॉलला (ट्रेलर अडकवायच्या हिचवरील गोळ्याला) तर कधीच अडकवू नये. बॉल मानेतून तुटून गोळीसारखा सुटल्याने माणसे दगावलेली आहेत. विंच चालू असताना दोराच्या रेषेत कोणीही उभे राहू नये, आणि गाडी चढताना तिच्यामागे राहून चाकाखाली उटी सरकवण्याचे काम कोणावर सोपवू नये. उटी लावायची ती विंच थांबवून, बाजूने.