मदत हवी आहे : ज्येष्ठांचे बदलत्या मूल्यांशी समायोजन मोजायचे कसे?

नमस्कार.

साठीपुढील व्यक्ती आधुनिक मूल्यांशी आणि सामाजिक बदलांशी कितपत जुळवून घेतात, हे मोजणारी प्रश्नावली मी संशोधनासाठी तयार करत आहे. मात्र नेमके काय मोजायचे, इथेच गाडे अडले आहे.

मी पाहिलेल्या बहुतेक मोजपट्ट्या सहमती मोजतात. 'मुलांनी जोडीदार स्वतः निवडावा' या विधानाला 'पूर्णपणे सहमत' असे उत्तर दिले की गुण वाढतात. परंतु एखाद्या आजींना हे मुळीच पटलेले नसते आणि तरीही नातीच्या निर्णयानंतर त्या तिच्याशी पूर्वीसारख्याच वागतात; उलट एखादे आजोबा बोलण्यात पुरोगामी असतात, पण स्वतःच्या घरात तसे घडले की आतून खचतात. समायोजनाच्या मोजपट्टीवर आजींपेक्षा आजोबांना अधिक गुण मिळावेत, हे मला उफराटे वाटते. म्हणून मत, प्रत्यक्ष वागणूक आणि मनस्ताप असे तीन उपविभाग करण्याचा विचार आहे.

इंकेल्स आणि स्मिथ या समाजशास्त्रज्ञांची १९६६ मध्ये प्रसिद्ध झालेली आधुनिकतेची मोजपट्टी सहा देशांतील अभ्यासावर बेतलेली आहे खरी. पण तिचे उत्तरदाते १८ ते ३२ वर्षे वयाचे पुरुष होते. त्यामुळे ती वृद्ध स्त्रियांना जशीच्या तशी लावण्याचे धाडस होत नाही.

दुसरी अडचण होकाराची. वय जास्त आणि शिक्षण कमी असेल, तर कोणत्याही विधानाला 'हो' म्हणण्याकडे कल वाढतो. त्यावर उलट्या अर्थाची विधाने घालण्याचा सल्ला मिळतो, परंतु नकारार्थी वाक्याशी असहमती दर्शवताना अनेकांचा गोंधळ उडतो. त्याऐवजी छोटा प्रसंग सांगून 'तुम्ही काय कराल?' असे विचारणे बरे ठरेल का?

शिवाय एकाच वेळच्या पाहणीतून वयाचा परिणाम आणि पिढीचा परिणाम वेगळा काढता येत नाही. 'वीस वर्षांपूर्वी तुमचे मत काय होते?' असे विचारावे, तर आजच्या मताच्या रंगात जुनी आठवण रंगते.

या क्षेत्रात काम केलेल्यांना दोन गोष्टी विचारायच्या आहेत. तिन्ही उपविभागांचे गुण स्वतंत्र ठेवावेत, की त्यांचा एकत्रित निर्देशांक काढणे समर्थनीय आहे? आणि प्रश्नावलीची यथार्थता, म्हणजे जे मोजायचे तेच ती मोजते का हे, कशाशी पडताळावी? क्रॉनबाखचा अल्फा हा सांख्यिकी गुणांक चांगला आला की काम झाले, असे मला वारंवार सांगितले जाते. पण त्यातून विधानांची आपसातली सुसंगती तेवढी कळते, समायोजनच मोजले गेले की नाही हे कळत नाही. कुटुंबीयांकडून स्वतंत्र उत्तरे घेऊन ती ज्येष्ठांच्या उत्तरांशी ताडून पाहण्याचा अनुभव कोणाला असल्यास कृपया सविस्तर लिहावे.