मदत हवी आहे: प्रारूप विकास योजनेच्या नकाशातून आमचा ओढाच गायब आहे, हरकत कशी लिहावी?

नमस्कार मंडळी,

पुणे जिल्ह्यातल्या एका छोट्या नगरपरिषदेच्या हद्दीत आम्ही राहतो. आमच्या शहराची प्रारूप विकास योजना, म्हणजे कुठली जमीन कशासाठी वापरायची याचा कच्चा आराखडा, जाहीर झाली आहे. हरकती-सूचनांना महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्याच्या कलम 26 खाली 30 दिवस मिळतात, त्यातले बरेच संपले. नगररचना, भूमी अभिलेख किंवा वकिलीतलं कुणी इथे असेल तर कृपया वेळ काढून वाचा.

आमच्या वस्तीच्या मागून एक ओढा वाहतो. टेकडीवरचं पाणी घेऊन तो खालच्या शेतांमधून नदीला मिळतो. उन्हाळ्यात कोरडा असतो, बाभळी आणि घाणेरीने भरलेला, पण जुलैत पाणी काठाला लागतं. विद्यमान जमीन वापराच्या नकाशात त्याची निळी रेघ अर्ध्या वाटेतच थांबली आहे, आणि प्रस्तावित नकाशात तर ती नाहीच. तो सगळा पट्टा सलग पिवळा, म्हणजे रहिवास विभाग. त्यावरून 12 मीटरचा डीपी (विकास योजनेतला) रस्ताही आखला आहे.

काळजी एवढ्यासाठीच की बांधकाम परवानगीच्या वेळी नकाशाच पाहिला जातो. नाल्यापासून अंतर सोडायचा नियम बांधकामाच्या एकत्रीकृत नियमावलीत आहे, पण नकाशात नालाच नसेल तर अंतर मोजणार कुठून? एकदा लेआउट मंजूर झाला की पाण्याला पाइपाचा रस्ता मिळतो आणि वरच्या बाजूची घरं बुडतात. 25 सप्टेंबर 2019 च्या रात्री पुण्यात आंबिल ओढ्याच्या पुराने काय केलं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. कात्रजच्या डोंगरातून मुठेपर्यंत येणाऱ्या त्या ओढ्याचं पात्र ठिकठिकाणी आवळलं गेलं होतं. आमच्याकडे अजून बांधकाम झालेलं नाही. आत्ता थांबवलं तर कुणाचं घर पाडावं लागणार नाही.

एक गोष्ट स्पष्ट करते. ज्यांच्या जमिनी त्या पट्ट्यात आहेत ते आमचे शेजारीच आहेत. यलो झोन झाला म्हणून त्यांना आनंद झाला, आणि तो रास्त आहे. शेती परवडत नाही, मुलांची शिक्षणं आहेत. त्यांची जमीन हिरव्या (शेती) पट्ट्यात अडकवून आपण सुरक्षित राहायचं, हे मला मान्य नाही. ओढाही वाचावा आणि त्यांचंही नुकसान होऊ नये, असं काही मागता येईल का?

शंका अशा: पुरावा म्हणून काय चालतं? फोटो आणि पावसाळ्यातले व्हिडिओ आहेत, ते पुरेसे आहेत का? सोसायटीने एकच हरकत द्यावी की प्रत्येकाने वेगळी? सुनावणी कुणापुढे होते? आणि ओढ्यावर उद्यानाचं आरक्षण मागावं असं काहीजण सुचवतात, ते योग्य आहे का?

– ओढ्याकाठची

प्रतिसाद: गावनकाशा

ताई, आधी उद्यानाच्या आरक्षणाचं सांगतो, कारण तिथेच लोक फसतात. आरक्षण टाकलं की जागा संपादन करावी लागते. 10 वर्षांत झालं नाही तर मालक त्याच नगररचना कायद्याच्या कलम 127 खाली नोटीस देतो, पुढच्या 24 महिन्यांत काही हाललं नाही की आरक्षण व्यपगत, म्हणजे रद्द. छोट्या नगरपरिषदांकडे संपादनाला पैसा नसतो. म्हणून उद्यान मागू नका, ओढा ओढा म्हणून दाखवा अशी मागणी करा.

महसूल संहितेच्या कलम 20 प्रमाणे जे ओढे-नाले खाजगी मालकीचे नाहीत ते शासनाचे. तुमचा ओढा गाव नकाशात दोन रेघांमध्ये, गट नंबर न घालता दाखवलेला असेल तर तो कुणाच्याच सातबाऱ्यात नाही, म्हणजे संपादनाचा आणि शेजाऱ्यांच्या नुकसानीचा प्रश्नच येत नाही. काठालगतची जागा मागायची असेल तर तिथे टीडीआर (दुसरीकडे वापरता येणारा बांधकामाचा हक्क) किंवा जादा एफएसआयचा (त्याच जागेवर जास्त बांधकामाचा) मोबदला मिळावा, हेही त्याच हरकतीत लिहा. शेजारी तुमच्या बाजूने सही करतील.

फोटो जोडाच, पण खरा पुरावा म्हणजे गाव नकाशाची प्रमाणित नक्कल. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयात मिळते. ती आणि प्रस्तावित नकाशा शेजारी ठेवून गट नंबरांनिशी लिहा. सर्व्हे ऑफ इंडियाचा नकाशा मिळाला तर तोही लावा.

हरकत प्रत्येकाने वेगळी द्या आणि पोच घ्या. 'सुनावणीची संधी मिळावी' हे वाक्य विसरू नका. सुनावणी नियोजन समितीपुढे होते: नगरपरिषदेच्या स्थायी समितीचे 3 सदस्य आणि बाहेरचे जास्तीत जास्त 4 तज्ज्ञ. बोलायला दोन-चार मिनिटंच मिळतात, तेव्हा आधी नकाशा पुढे ठेवा, भाषण नको.

धागाकर्ती:

मनापासून आभार. उद्यानाचा आग्रह आजच्या बैठकीत मागे घ्यायला सांगते. भूमी अभिलेखला सोमवारी जातेय. एकच विचारायचं राहिलं: ओढा दोन गावांच्या शिवेवरून जातो, तर दोन्ही गावांच्या नकाशांच्या नकला काढाव्या लागतील का? आणि त्या 12 मीटर रस्त्याची हरकत ह्याच अर्जात लिहावी की वेगळी?