हॉटेलात जेवताना कॅलरी मोजायच्या कशा? (इंदूर)

पलासियाकर:
नमस्कार मंडळी. दिवसाला १६०० कॅलरींचं बजेट आहे. घरचं जेवण काट्यावर तोलून होतं, घोडं अडतं ते बाहेर. अधूनमधून ऑफिसच्या मंडळींबरोबर विजयनगरात जेवण, शनिवारी सराफा (इथला रात्रीचा खाऊबाजार), आणि पाहुणे आले की दाल-बाफले (बाफला म्हणजे कणकेचा भाजलेला गोळा) ठरलेले. ॲपमध्ये ‘पनीर बटर मसाला, एक वाटी’ टाकलं की अडीचशेपासून साडेपाचशेपर्यंत वाट्टेल ते आकडे येतात. त्यातला कुठला खरा धरायचा? ‘बाहेर खाऊच नका’ हे उत्तर कृपया नको, इंदुरात राहून ते जमणारं नाही. काय मागवायचं, वेटरला काय सांगायचं आणि आकडा कसा बांधायचा, एवढं सांगा.

तवा_तंदूर:
ॲपमधला एकही आकडा धरू नका, कारण ‘वाटी’ कुणाची आणि स्वयंपाकी कोण, हे ॲपला ठाऊक नसतं. पदार्थ सुटा करून मोजा. पीठ, डाळ, भाजी घरी असो की हॉटेलात, कॅलरी तेवढ्याच. फरक पडतो तो तेल, तूप, लोणी, क्रीम आणि काजूने. तेल-तुपाच्या एका ग्रॅमला ९ कॅलरी, म्हणजे चहाच्या चमचाभर तेलाला ४०-४५.

पनीर बटर मसाल्याचंच घ्या. मध्यम दर्जाच्या हॉटेलात एका प्लेटमध्ये साधारण १०० ग्रॅम पनीर (२९०), ग्रेव्हीत वाटलेले काजू २० ग्रॅमच्या आसपास (११५), ग्रेव्ही परततानाचं तेल १० ग्रॅम (९०), वरून लोणी २० ग्रॅम (१४५), क्रीम ३० मिली (७५), कांदा-टोमॅटो धरून ४०. बेरीज साडेसातशेच्या घरात. दोघांत वाटलं तर तुमच्या वाट्याला पावणेचारशे, चौघांत दोनशेच्या आत. म्हणजे ॲपमधले सगळेच आकडे कुठेतरी बरोबर आहेत, फक्त किती जणांत ती प्लेट गेली ते त्यांनी लिहिलेलं नसतं!

आता वेटरला काय सांगायचं. मोठ्या किचनमध्ये ग्रेव्ह्या आधीच तयार असतात: लाल मखनी, पांढरी काजूची आणि कांदा-टोमॅटोची. ऑर्डर आली की पॅनमध्ये लोणी किंवा तेल, त्यावर डावभर ग्रेव्ही, मग पनीर किंवा भाजी, शेवटी क्रीम. त्यामुळे ‘तेल कम डालना’ सांगितलं तरी ग्रेव्हीत मुरलेलं तेल कुणी बाहेर काढू शकत नाही. वेटर ‘जी सर’ म्हणतो आणि भाजी नेहमीसारखीच येते. त्याऐवजी असं सांगा: ‘ऊपर से मक्खन और क्रीम मत डालना.’ हे काम ऑर्डरच्या वेळी होतं, म्हणून ते टळतं. वरच्या हिशेबात यानेच २२० कॅलरी कमी झाल्या.

डाळीचं तर आणखी सोपं. डाळ नुसती शिजवून ठेवलेली असते, तडका प्रत्येक प्लेटला वेगळा बसतो. प्लेटभर दाल तडक्यात कोरडी डाळ ५०-६० ग्रॅम (दोनशेपर्यंत) आणि तडक्याचं तूप १५-२० ग्रॅम (१३५ ते १८०). ‘तड़का आधा’ म्हटलं की खरंच आधा होतो. दाल मखनीला मात्र हे लागू नाही. ती तासन् तास लोणी-क्रीम घालून आटवलेली असते, तिच्यातलं काही मागे घेता येत नाही.

रोटी: तंदुरी रोटीचा गोळा ७०-८० ग्रॅमचा, म्हणजे पीठ ४५-५०, कॅलरी १६०-१७५. वर लोण्याचा ब्रश फिरला की ३५-४० जास्त. ‘सूखी’ असं स्पष्ट सांगा, नाहीतर बऱ्याच ठिकाणी न विचारता लोणी लागतं. नानचा गोळा मोठा, मैद्याचा, आत दही-तेल-साखर. साधा नान तीनशे, बटर नान साडेतीनशेच्या आसपास. एक नान म्हणजे दोन सुक्या रोट्या, एवढं लक्षात ठेवलं की पुरे.

आणि भाजीचा बाउल थोडा तिरका करून दोन मिनिटं ठेवा. तर्री एका बाजूला जमते, भाजी दुसऱ्या बाजूने घ्या.

पथ्यपाणी_ताई:
तवा_तंदूरदादांचा हिशेब पटला, पण शेवटच्या युक्तीला एक जोड हवी. बाउल तिरका करणं फक्त कढाई, कोल्हापुरी, मसाला, शेव-टोमॅटो अशा भाज्यांना चालतं, तिथे तेल सुटून वर येतं. मखनी, शाही, मलाई, कोरमा यांत काजू-क्रीमबरोबर स्निग्ध पदार्थ एकजीव झालेला असतो. वर तर्री दिसत नाही म्हणून लोक ‘ही भाजी हलकी आहे’ समजतात, आणि नेमकी तीच सगळ्यात जड असते. तिथे एकच उपाय, कमी घेणे. पनीरचे तुकडे चमच्याने उचलून घ्या, ग्रेव्ही बाउलमध्येच राहू द्या.

टिक्का म्हणजे हलका, हाही असाच गैरसमज. चिकन टिक्का खरंच हलका आहे, सहा-आठ तुकडे अडीचशे-तीनशे आणि पोटभर प्रथिनं. पनीर टिक्का दीडशे ग्रॅमचा असेल तर पनीरचेच सव्वाचारशे ते साडेचारशे होतात. शाकाहारी असाल तर तो स्टार्टर म्हणून न घेता जेवणातलं मुख्य पनीर तेच धरा, मग भाजी डाळ किंवा मिक्स व्हेजची घ्या. ‘मलाई टिक्का’, ‘अफगाणी’ ही नावं दिसली की क्रीम आणि काजू धरूनच चाला.

चायनीजचं थोडक्यात: ज्याच्या नावात ‘चिली’ किंवा ‘मंचुरियन’ आहे ते आधी कॉर्नफ्लोरमध्ये घोळवून तळलेलं असतं आणि मग पुन्हा तेलात परतलेलं. सूपमध्ये हॉट अँड सॉर बरं, मनचाव घ्यायचंच तर वरचे तळलेले नूडल्स काढायला सांगा. पापड भाजलेला ४०-४५, तळलेला त्याच्या जवळपास दुप्पट. मसाला पापड मागवला की बहुतेक ठिकाणी तळूनच येतो, म्हणून ‘सिका हुआ’ हा शब्द आठवणीने वापरा.

आणखी एक. एखाद्या साखळीच्या पिझ्झा, बर्गर किंवा कॉफीच्या दुकानात गेलात तर अंदाज बांधत बसू नका. दहा किंवा जास्त ठिकाणी शाखा असलेल्या किंवा केंद्रीय परवाना असलेल्या उपाहारगृहांनी मेनूवर प्रत्येक सर्व्हिंगच्या कॅलरी लिहायच्या, असा एफएसएसएआयचा (सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा) नियम आहे, २०२० च्या लेबलिंग आणि डिस्प्लेच्या नियमावलीतला. मात्र ‘सर्व्हिंग’ म्हणजे अख्खा पिझ्झा की एक तुकडा, ते बारीक अक्षरात बघा. टेबलावर फुकट ठेवलेले सॉस त्या आकड्यात नसतात. मेयोनीजचा एक मोठा चमचा ९० च्या आसपास जातो.

भिया_इंदुरी:
विजयनगरचं झालं, आता खऱ्या इंदूरकडे वळू. 😄

पोह्यांना लोक उगाच बदनाम करतात. आपल्याकडचे पोहे उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफेत ठेवलेले असतात, तेल बेताचं. प्लेटमध्ये कोरडे पोहे ६० ग्रॅमच्या आसपास (२१०), तेल ५-८ ग्रॅम (४५-७०). म्हणजे पावणेतीनशेच्या आसपास नाश्ता. बिघडतं ते वरच्या शेवेने आणि शेजारच्या जिलबीने. शेव म्हणजे बेसन आणि तेल, १०० ग्रॅमला साडेपाचशेच्या पुढे. मूठभर, म्हणजे २० ग्रॅम, टाकली की ११०. दोन जिलब्या ६० ग्रॅमच्या भरल्या तर सव्वादोनशे. एकूण सहाशे, आणि दोष जातो पोह्यांवर. ठेल्यावर सांगायचं: ‘भिया, सेव चुटकी भर, प्याज-नींबू ज़्यादा.’ जीरावन (पोह्यांवर भुरभुरायचा मसाला) हवं तेवढं घ्या, त्यात मोजण्यासारखं काही नाही, फक्त मिठाचं भान ठेवा. उसळ-पोहे मिळत असतील तर ते घ्या, कडधान्याने पोट जास्त वेळ भरलेलं राहतं. उसळीवरची तर्री मात्र घालू नका म्हणावं.

सराफ्यात चूक होते ती क्रमाची. रिकाम्या पोटी अकरा वाजता गेलात की पहिल्याच ठेल्यावर ताबा सुटतो. सात-आठला घरी डाळ-भाजी, ताक असं तीनशेचं हलकं जेवा आणि सराफ्यासाठी चारशे-पाचशे बाजूला ठेवा. तिथे प्रत्येक चीज एक घेऊन दोघा-तिघांत वाटायची.

भुट्टे का कीस: कोवळं कणीस किसून तुपाच्या फोडणीत दुधात शिजवलेलं. छोटा दोना दीडशे ते दोनशे, बरा सौदा. दहीवडा: वडा तळलेला असला तरी पाण्यात भिजवून पिळल्यावर थोडं तेल निघून जातं, गोड चटणी वगळली तर एका वड्याची प्लेट दोनशेच्या आसपास बसते. खोपरा पॅटिस: बटाट्याच्या पारीत ओलं खोबरं आणि वर तळण. एक नग दोनशेच्या पुढेच, तो अर्धा खा. गराडू (एक कंद) फक्त थंडीत मिळतो. आधी तळून ठेवतात आणि गिऱ्हाईक आलं की पुन्हा तळतात, म्हणून दिसतो त्यापेक्षा जड. कडकडीत तेलातून काढून लगेच दोन्यात आला तर तेल तसंच राहतं, ‘ज़रा झारकर देना’ म्हणा. जलेबा अख्खा घेऊ नका, तोलून ५० ग्रॅम मागा. १०० ग्रॅमला पावणेचारशेच्या वर असतो तो.

शिकंजीने तर बाहेरगावचे पाहुणे हमखास फसतात. नाव ऐकून लिंबूपाणी वाटतं, पण इंदुरी शिकंजी म्हणजे आटवलेलं दूध, साखर आणि सुका मेवा. पेय म्हणून पिऊ नका, मिठाई म्हणून मोजा आणि छोटा ग्लास घ्या.

पलासियाकर:
सगळ्यांचे आभार, वाटून मोजायचं हे डोक्यात आलंच नव्हतं. बाफले राहिले. आणि एक शंका: बाहेर जेवल्यावर दुसऱ्या सकाळी काटा एक-सव्वा किलो वर दिसतो. एका जेवणाने एवढं वजन वाढतं का?

पथ्यपाणी_ताई:
चरबी वाढत नाही हो एवढी. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७७०० कॅलरी. एका जेवणात तेवढ्या जास्त खाणं सहसा कुणाला जमत नाही. हॉटेलच्या जेवणातल्या मिठाने पाणी धरून ठेवलं जातं, शिवाय साठलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (शरीरातल्या कर्बोदकांच्या साठ्याबरोबर) सुमारे तीन ग्रॅम पाणी बसतं, आणि रात्री उशिरा खाल्लेलं अन्न अजून पोटातच असतं. दोन-तीन दिवसांत ते उतरतं. त्या सकाळी काट्यावर उभंच राहू नका. आठवड्याची सरासरी बघा. सगळ्यात घातक म्हणजे तो आकडा बघून दुसऱ्या दिवशी उपाशी राहणं, कारण संध्याकाळी त्याची भरपाई शेवेच्या डब्यातून होते.

तवा_तंदूर:
बाफल्याचं सांगतो. बाटी सरळ भाजतात, बाफला आधी पाण्यात उकळून मग भाजतात, म्हणून आतून मऊ असतो आणि तूप जास्त पितो. मध्यम बाफल्यात कणीक ६५-७० ग्रॅम (२४०), मोहन १० ग्रॅम (९०). म्हणजे कोरडा बाफलाच ३३०. तुपात बुडवून निघाला की आणखी १५ ग्रॅम तरी तूप बरोबर येतं, झाले ४६५. फोडून बुडवला तर आणखी जास्त, कारण तूप चिरेतून थेट मऊ भागात शिरतं. दोन बाफले, डाळ, चुरम्याचा एक लाडू (अडीचशे तरी) आणि कढी असं ताट सहज तेराशे-चौदाशेला जातं. तुमच्या १६०० मधून उरलं काय?

त्यामुळे वाढणारा ताटापाशी आला की आधीच सांगा: ‘एक बाफला, बिना डुबाया, घी अलग कटोरी में.’ बहुतेक ठिकाणी ऐकतात, कारण भट्टीतून काढलेले कोरडे बाफले तयारच असतात. चमचाभर तूप स्वतः घाला, ४५ कॅलरी. डाळ मात्र दोन वाट्या घ्या, तिला तूप लागत नाही आणि बाफला तिच्यातच भिजतो. लसणाची चटणी तेलात तरंगत असेल तर वरचं तेल बाजूला सारा. लाडू खायचाच असेल तर दुसरा बाफला नाही. दोन्ही हवं असेल तर त्या दिवशी रात्री नुसतं सूप. आग्रह करणारे मावशी-काका असतील तर ताटात अर्धा बाफला शेवटपर्यंत शिल्लक ठेवा, रिकाम्या ताटात वाढणाऱ्याचा हात थांबत नाही.

भिया_इंदुरी:
ॲपबद्दल एक राहिलं. त्यात ‘माझी रेसिपी’ असा पर्याय असतो. वर तवा_तंदूरने फोड करून दिलीय तशी नेहमीच्या पाच-सहा पदार्थांची एकदाच नोंद करून ठेवा: पनीर, लोणी, क्रीम, काजू, तेल वेगवेगळं, आणि सर्व्हिंगच्या जागी ‘पाव प्लेट’, ‘अर्धी प्लेट’. हॉटेल नवं असेल आणि भाजी जास्त चमकत असेल तर प्लेटमागे चमचाभर तेल वाढवा. बाउल संपल्यावर तळाशी किती तेल उरलं तेही बघा. बरंच उरलं असेल तर ते तुमच्या पोटात गेलेलं नाही, तेवढं वजा करायला हरकत नाही.