मदत हवी आहे: भारतात बंद झालेली लक्झरी वॅगन घरच्या रुग्णासाठी घ्यावी का?

नमस्कार मंडळी,

दोन वर्षांपूर्वी आमच्या आबांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवी बाजू गेली. आता काठी आणि कुणाचा तरी खांदा घेऊन आठ-दहा पावलं टाकतात, बाकी सगळं व्हीलचेअरवर. आठवड्यातून तीनदा कोल्हापुरात रुईकर कॉलनीतल्या घरून राजारामपुरीत फिजिओथेरपीला न्यायचं असतं. नेणारी माणसं म्हणजे आई आणि बायको, कारण मी दिवसभर शिरोली एमआयडीसीत फौंड्रीवर असतो.

सध्या घरात सेदान आहे. आबा तिच्यात व्यवस्थित बसतात, पण डिकीचं तोंड अरुंद. व्हीलचेअर घडी करूनही आत जात नाही, दर वेळी मागची चाकं काढावी लागतात. सगळे म्हणाले एसयूव्ही घे. मित्राची नवी एसयूव्ही एक दिवस मागून आणली. सीट आबांच्या कमरेच्या वर. त्यांनी डाव्या हाताने वरची कडी धरून स्वतःला कसंबसं ओढून घेतलं, पण उजवा पाय बाहेरच लोंबत राहिला. आईने खाली बसून तो दोन्ही हातांनी उचलला आणि आत ठेवला. आई बहात्तर वर्षांची आहे. त्या गाडीच्या डिकीचा उंबरा तिच्या छातीला लागत होता, अठरा किलोची खुर्ची त्यावर चढवणं तिला जमणारच नव्हतं. आबा परत येईपर्यंत एक शब्द बोलले नाहीत. त्या दिवशी एसयूव्हीचा विषय संपला.

मला हवी ती गाडी सेदानइतकी खाली बसणारी, मागचं दार पूर्ण उघडणारी आणि डिकीचा उंबरा मांडीच्या उंचीवर असणारी. म्हणजे वॅगन, सेदानचंच छत पार मागच्या दारापर्यंत नेलेली गाडी. आणि आबांना पुण्याला न्यूरोच्या डॉक्टरांकडे दर तीन महिन्यांनी न्यावं लागतं. सातारा-कागल सहापदरीच्या कामाने हायवेवर जागोजागी डायव्हर्शन, खड्डे. एका धक्क्याने त्यांचा खांदा दोन दिवस दुखतो. म्हणून सस्पेन्शन चांगलं हवं.

माझ्या बजेटमध्ये नवी कोरी लक्झरी वॅगन नाही. शोधता शोधता दोन नावं उरली. पहिली मर्सिडीझ ई-क्लास ऑल-टेरेन. २०१८ मध्ये भारतात आली तेव्हा एक्स-शोरूम ७५ लाख. दोन लिटरचं डिझेल, १९४ अश्वशक्ती, चारही चाकांना एअर सस्पेन्शन (स्प्रिंगऐवजी हवेचे फुगे), ६४० लिटरची डिकी. दुसरी व्होल्वो व्ही९० क्रॉस कंट्री, २०१७ ची, तेव्हा ६० लाखांची. तिचा ग्राउंड क्लिअरन्स २१० मिलिमीटर. दोन्ही पूर्ण बनून बाहेरून आलेल्या, दोन्ही थोड्याच विकल्या गेल्या, दोन्ही आपल्याकडे बंद. सध्या पुण्यातली एक २०१९ ची ऑल-टेरेन नजरेत आहे. एकच मालक, ४६ हजार किलोमीटर, ३२ लाख सांगतोय.

आता माझी खरी भीती. माझा धंदा ओतकामाचा, त्यामुळे मॉडेल बंद होणं म्हणजे काय ते मी रोज रॅकवर बघतो. गिऱ्हाइकाचा पॅटर्न, म्हणजे ज्यावरून साचा पाडतात तो नमुना, रॅकवर आहे तोवर दहा वर्षांनीसुद्धा त्याला एक नग ओतून देता येतो. महाग पडतो, वेळ लागतो, पण मिळतो. पॅटर्न मोडीत गेला की विषय संपला. मला या गाड्यांच्या बाबतीत एवढंच कळून घ्यायचं आहे, की पॅटर्न अजून कुणाच्या तरी रॅकवर आहे का.

ही भीती उगाच नाही. नव्वदच्या दशकात आबांकडे एक देशी बनावटीची वॅगन होती. मॉडेल बंद झालं आणि पुढच्या चार-पाच वर्षांत तिच्या मागच्या दाराची काच फुटली. पुण्या-मुंबईत कुठेही मिळेना. शेवटी आबांनी ॲक्रिलिकची शीट कापून रबरात बसवून घेतली. वायपर फिरून फिरून तिच्यावर ओरखडे पडले आणि सहा महिन्यांत मागचं दिसेनासं झालं. त्याच दाराची बिजागरी झिजली, तेव्हा उद्यमनगरात एका लेथवाल्या काकांनी तासाभरात बुश करून दिलं, ते गाडी विकेपर्यंत हललं नाही. म्हणून मला लोखंडाची काळजी नाही. काच, दिवे, रबर, सेन्सर आणि आता सॉफ्टवेअर, यांची आहे.

तर जाणकारांनी सांगावं. वॅगनचे म्हणून जे वेगळे पार्ट आहेत ते नेमके कोणते, आणि ते अजून येतात का? एअर सस्पेन्शनवाली सात वर्षांची गाडी घेताना काय तपासायचं? आमचा रोजचा फेरा चार-पाच किलोमीटरचा, डिझेलला तो मानवेल का? आणि कंपनी आपल्याकडे पुन्हा वॅगन आणेल अशी शक्यता असेल तर थांबावं का? रिसेलचा विचार मी सोडून दिला आहे. आबांना बसता येईल तोवर गाडी दारात राहील.

प्रतिसाद १, घाटवाट

दादा, आधी आबांना नमस्कार सांगा.

थांबू नका. ई-क्लास वॅगनची पुढची पिढी २०२३ मध्ये युरोपात आली. आपल्याकडे २०२४ मध्ये आली ती लांब व्हीलबेसची (पुढच्या-मागच्या चाकांत जास्त अंतर असलेली) सेदानच, चाकणला जुळणी होणारी. ऑक्टाव्हिया कॉम्बी, बलेनो अल्टुरा, इंडिगो मरिना, कोर्सा स्विंग, एवढ्या जणांनी आपल्याकडे वॅगन आणून बघितली आणि एकही टिकली नाही. लोकांना उंच बसायला आवडतं. वर अशी गाडी बाहेरून पूर्ण बनून येणार, तिच्यावर जबर आयात शुल्क, शिवाय महाराष्ट्रात आयात गाडीला रोड टॅक्स २० टक्के. हा हिशेब कुठल्याच कंपनीला जमत नाही.

पण जगात वॅगन मेलेली नाही, हेही लक्षात घ्या. फोक्सवॅगनने युरोपात नवी पसाट आणली ती फक्त वॅगनच, तिथे सेदानच बंद केली. व्होल्वोने २०२३ मध्ये ब्रिटनमधून वॅगन काढून घेतल्या आणि पुढच्याच वर्षी पुन्हा विकायला ठेवल्या. तुमच्या भाषेत सांगायचं तर पॅटर्न युरोपात आहे. आपल्याकडे फक्त शोरूममधलं नाव गेलंय.

प्रतिसाद २, स्पॅनर_१०_१२

जर्मन गाड्यांच्या वर्कशॉपमध्ये अकरा वर्षं काम केलंय, त्यावर सांगतो.

बोनेटखालची काळजी सोडा. ऑल-टेरेनचं इंजिन म्हणजे ओएम६५४, तेच ई-क्लासच्या २२०डी सेदानमध्ये आहे, आणि ती सेदान आपल्याकडे भरपूर विकली गेली. फिल्टर, इंजेक्टर, नऊ गिअरचा बॉक्स, पुढचे दिवे, बोनेट, डॅशबोर्ड, यातल्या कशालाच अडत नाही. मात्र इथली सेदान मागच्या चाकांवर चालते आणि ऑल-टेरेन चारही, त्यामुळे पुढचे ड्राइव्ह शाफ्ट सेदानचे चालत नाहीत. इथली सेदान लांब व्हीलबेसची असल्यामुळे मागचे दरवाजेही जुळत नाहीत.

वॅगनचं म्हणून वेगळं जे आहे ते मागच्या दाराच्या आसपास: ते दार, त्याची काच, रबर, उघडणारी मोटर, मागचे दिवे, मागचा बंपर, छतावरच्या रेल आणि चाकांवरची काळी प्लास्टिकची कमान. हे सगळं मागवावं लागतं. येतं, पण आठवडे लागतात आणि त्यावर सूट मिळत नाही. ब्रिटनमध्ये आणि जपानमध्ये हीच गाडी उजव्या स्टिअरिंगची विकली गेली आहे, म्हणून आणीबाणीत तिकडचा जुना पार्टही मिळू शकतो. इन्शुरन्स काढताना काचेचं कव्हर वेगळं आहे का ते विचारा. पाच वर्षांपुढच्या गाडीला झिरो डेप, म्हणजे पार्टची घसारा न कापता भरपाई, सहजासहजी कुणी देत नाही.

एअर सस्पेन्शनची परीक्षा सोपी आहे. संध्याकाळी गाडी सपाट फरशीवर उभी करा. चारही चाकांच्या मधोमध, जमिनीपासून कमानीपर्यंत टेपने माप घ्या आणि लिहून ठेवा. चावी काढून घ्या, रात्रभर कुणी दारही उघडू नका. सकाळी पुन्हा मोजा. एखादा कोपरा बसला असेल तर तिथून हवा जातेय. मग स्टार्ट करून कंप्रेसर किती वेळ चालतो ते ऐका. खूप वेळ घुरघुरत राहिला तर तोही दमलाय असं समजा, कारण गळक्या बेलोजला (हवेच्या रबरी फुग्याला) हवा भरून भरून शेवटी कंप्रेसरच जातो. लोक नुसता कंप्रेसर बदलतात आणि वर्षभरात पुन्हा येतात.

आता डिझेल. तुमचा चार किलोमीटरचा फेरा हीच सगळ्यात मोठी अडचण आहे. सायलेन्सरच्या लायनीत डीपीएफ म्हणजे धुराचा फिल्टर असतो, तो काजळी धरून ठेवतो. ती जाळायला तापमान लागतं, आणि राजारामपुरीच्या सिग्नलला ते कधी येणार नाही. दर रविवारी गाडी हायवेला काढा आणि निपाणीपर्यंत जाऊन या, सलग, एका गतीने. हे नेमाने करणार असाल तरच डिझेल घ्या. घेण्याआधी स्कॅन करून डीपीएफमधल्या राखेचं प्रमाण वाचून घ्या. काजळी जळते, राख जळत नाही, ती साठतच जाते. गाडीला धूर स्वच्छ करणारं ॲडब्लू नावाचं द्रावण लागतं, तेव्हा त्या टाकीची आणि पंपाची नोंदही बघा.

प्रतिसाद ३, पंचगंगेकाठी

पुण्याची गाडी असली तरी पुराचं तपासा हो. २०१९ आणि २०२१ ला आपल्याकडे पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्यावर पाणी ४३ फुटांची धोका पातळी ओलांडून किती वर गेलं ते सगळ्यांनी बघितलंय. तेव्हा बुडालेल्या गाड्या धुऊन-पुसून कुठे कुठे गेल्या, पत्ता नाही. सगळे सीट बेल्ट शेवटपर्यंत ओढून बघा, गाळाची रेघ तिथे राहते. डिकीची फरशी उचलून खालच्या खळग्यात बोट फिरवा. इन्शुरन्सची जुनी क्लेम हिस्टरी मागा. भावा, एवढं केल्याशिवाय टोकन देऊ नको.

प्रतिसाद ४, सासनेग्राउंड

व्होल्वोबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो. व्ही९० चं डी५ डिझेल इंजिन व्होल्वोच्याच एक्ससी९० मध्येही होतं, त्यामुळे तीही अगदी अनाथ नाही. पण कंपनीने २०२४ च्या सुरुवातीला जगभरातच डिझेल गाड्या बनवणं थांबवलं. दहा वर्षं ठेवायची असेल तर मी मर्सिडीझकडे झुकेन.

आणि तुमच्या गेटचं माप घ्या. दोन्ही गाड्या जवळजवळ पाच मीटर लांब आहेत. आमच्या बोळात सेदान वळते, ही वळणार नाही.

धागाकर्ता

सगळ्यांचे मनापासून आभार. गेटचं माप घेतलं, सरळ आत जाते, कुंड्यांची रांग तेवढी हलवावी लागेल.

शनिवारी आबांना घेऊन पुण्याला गेलो. बहीण कोथरूडला राहते. मालक सज्जन माणूस, गाडी रात्रभर बहिणीच्या सोसायटीत ठेवू दिली. रात्री नऊ वाजता मापं घेतली, सकाळी सातला पुन्हा घेतली. चारही कोपरे जिथल्या तिथे. कंप्रेसर स्टार्ट केल्यावर थोडा वेळ वाजला आणि गप्प झाला. स्कॅनमध्ये राखेचं प्रमाण कमी निघालं, मालकाचं येणंजाणं मुंबईला एक्स्प्रेसवेवरून असायचं. बेल्ट ओढले, खळग्यात बोट फिरवलं, सगळं कोरडं आणि स्वच्छ.

मग आबांना बसवलं. म्हणजे बसवलं नाही. ते दाराकडे पाठ करून उभे राहिले, डावा हात सीटवर टेकला आणि बसले. डाव्या पायाचा चवडा उजव्या घोट्याखाली घातला, दोन्ही पाय एकदम उचलून आत घेतले. फिजिओवाल्या ताईंनी शिकवलेली युक्ती, पण आमच्या कुठल्याही गाडीत आजवर ती जमली नव्हती. आई खुर्ची घेऊन मागे गेली, घडी केली, पुढची चाकं उंबऱ्यावर टेकवली आणि ढकलली. चाकं काढायची गरज पडली नाही.

एकच गोष्ट निघाली. मागचा उजवा दिवा, बॉडीवरचा बाहेरचा भाग, त्याला केसासारखी चीर आहे आणि आत वाफ धरलेली दिसते. पार्किंगमध्ये खांबाला लागला म्हणे. मालक म्हणाले, किंमत कमी करून देतो, तुम्ही बसवून घ्या. मी नको म्हटलं. दिवा तुम्ही मागवा, बसवा, मग व्यवहार करू, पूर्ण ३२ द्यायला तयार आहे. हा दिवा नेमका वॅगनचाच आहे. तो किती दिवसांत येतो, कुठून येतो, हे मला पैसे देण्याआधी बघायचं आहे. मालकांनी मान्य केलं, सोमवारी ऑर्डर टाकली. वर्कशॉपने तीन ते पाच आठवडे सांगितले आहेत.

स्पॅनर दादा, एक शेवटचं विचारतो. हा दिवा बसवल्यावर कोडिंग, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरमध्ये त्याची नोंद, करावं लागतं का, की नुसता प्लग जोडून चालतो? कोडिंग लागत असेल तर ते त्याच वर्कशॉपमध्ये करून घ्यायला मालकांना आत्ताच सांगून ठेवतो.