आणीबाणी पाहिलेल्यांनी आजच्या गोंधळाची धास्ती घ्यावी का?

मासुंदाकाठ (धागाकर्ता, नौपाडा)

परवा २५ जून २०२५ झाली, आणीबाणीला पन्नास वर्षं. पाऊस उघडला म्हणून ठाण्याच्या तलावपाळीवर आमच्या नेहमीच्या बाकावर बसलो होतो. पाचजण, त्यातला तरुण म्हणजे बहात्तर वर्षांचा. एकाने पेपराची घडी मांडीवर आपटली नि म्हणाला, "यापेक्षा आणीबाणी बरी. निदान सांगून आली होती." आमच्यातला एकजण मिसाखाली, म्हणजे विनाचौकशी अटकेच्या कायद्याखाली, एकोणीस महिने येरवड्यात होता. तो काहीच बोलला नाही. शेंगदाण्याची पुडी बाकावर ठेवली, छत्री उचलली आणि राम मारुती रोडच्या दिशेने चालू पडला.

मी त्याच्या बाजूचा. सांगून कसली? रात्री सही झाली नि सकाळी आकाशवाणीवर देशाला कळलं. आज पक्ष फुटला, चिन्ह गेलं की लगेच लोकशाही बुडाली! अरे, आम्ही बैलजोडीवर शिक्के मारले. १९६९ ला काँग्रेस फुटली, बैलजोडी गोठवली गेली, गायवासरू आलं. १९७८ ला पुन्हा फूट, मग हाताचा पंजा. त्याच साली जुलैत वसंतदादांचं सरकार पडून शरद पवारांचं पुलोद सरकार आलं. धनुष्यबाण, मशाल, घड्याळ, तुतारी हे त्याच गोष्टीचं पुढचं पान. १९६५ ला आम्ही खिडक्यांना काळा कागद चिकटवून बसायचो, १९७२ च्या दुष्काळात रेशनवरच्या लाल मिलो ज्वारीच्या भाकऱ्या खाल्ल्या, १९९१ मध्ये देशाने सोनं गहाण टाकलं. तरलो की नाही? मग एवढी धास्ती कशाची? मतं मांडा. शिव्या नकोत.

वागळेचा फिटर

साहेब, तुम्ही बँकवाले असणार, बोलण्यावरून कळतं. जेलमध्ये गेले त्यांना नमस्कार, पण आणीबाणीची आठवण फक्त जेलवाल्यांचीच कशी? मी तेव्हा वागळे इस्टेटमध्ये कामाला होतो. सप्टेंबर १९७५ ला वटहुकूम निघाला आणि किमान बोनस ८.३३ टक्क्यांवरून ४ टक्क्यांवर आला. संप करायची सोय नव्हती, गेट मीटिंग घेतली तर आत. वाढीव महागाई भत्त्यातला अर्धा भाग सक्तीच्या ठेवीत जायचा, तो वेगळाच. दिवाळीला बायकोच्या हातात पाकीट दिलं. तिने नोटा मोजल्या, पुन्हा मोजल्या, नि विचारलं, "अर्धे कुठे टाकले?" मी काय सांगणार!

आणि "गाड्या वेळेवर धावायच्या" म्हणणाऱ्यांसाठी: वर्षभर आधी, मे १९७४ मध्ये, रेल्वे कामगारांचा वीस दिवसांचा संप चिरडला होता. घाबरलेल्या माणसाच्या हातून गाडी वेळेवर सुटते, त्यात काय कौतुक.

तेव्हा जुनं सगळं वाईट होतं, मान्य. पण "तरलो" कोण? १९९१ नंतर वागळेतल्या किती कारखान्यांचे भोंगे बंद झाले ते मोजा.

सेक्टरवासी (नेरूळ)

काका, वयाने लहान आहे, राग मानू नका. पण तुमचा हिशोब मला पटत नाही. तुम्ही फक्त आवाज झालेली संकटं मोजताय. युद्ध, दुष्काळ, तुरुंग.

१९७६ मध्ये लोकसभेची मुदत दोनदा एकेक वर्षाने वाढवली. प्रत्यक्षात निवडणूक साधारण वर्षभर लांबली आणि त्याचा राग तुमच्या पिढीने पन्नास वर्षं धरला. बरोबरच केलं. आता आमच्याकडे बघा. नवी मुंबई महापालिकेची मुदत मे २०२० मध्ये संपली, तुमच्या ठाण्याची मार्च २०२२ मध्ये. तेव्हापासून प्रशासक. आधी कोविड, मग ओबीसी आरक्षण, मग प्रभागरचना. कारणं खरी असतील, पण राज्यघटनेच्या २४३-यू कलमात पाच वर्षं म्हणजे पाच वर्षंच लिहिलंय. आता मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने चार महिन्यांत निवडणुका घ्यायला सांगितलंय. बघू.

पाच वर्षं शहराचं बजेट एका अधिकाऱ्याच्या सहीने होतंय आणि एकही माणूस छत्री उचलून बाकावरून निघून गेला नाही.

मासुंदाकाठ

हे म्हणजे गटाराचं झाकण आणि मिसा एका तराजूत घातल्यासारखं झालं. प्रशासक आहे म्हणून पहाटे चारला कोणी दार वाजवलं का? तुम्ही हे इथे लिहिलंत, उद्या सकाळी निवांत चहा पिणार आहात. आम्ही तेव्हा पोस्टकार्डावर "प्रकृती कशी आहे" एवढंच लिहायचो. फरक आहे हो. कोर्टं उघडी आहेत, तुम्हीच सांगताय कोर्टाने दट्ट्या दिला म्हणून.

निवृत्त बाई

कोर्टं तेव्हाही उघडी होती. एप्रिल १९७६ मध्ये याच सुप्रीम कोर्टाने चार विरुद्ध एक असा निकाल दिला की अटकेविरुद्ध दादच मागता येणार नाही. एकटे न्यायमूर्ती खन्ना विरोधात गेले आणि पुढे त्यांचं सरन्यायाधीशपद हुकलं. तेव्हा "कोर्ट आहे ना" यावर फार विसंबू नका.

मी तेव्हा जिल्ह्यातल्या एका शाळेत नवीन लागले होते. हेडमास्तरांकडे शाईने आखलेली वही होती, डावीकडे शिक्षकांची नावं, उजवीकडे "केसेस". नसबंदीच्या केसेस. माझ्यापुढे दोन लिहिल्या होत्या. दोन आणल्याशिवाय पगार नाही. चोवीस वर्षांच्या अविवाहित मुलीने कोणाच्या दारात जाऊन काय विचारायचं? शेवटी शिपायाने कुठूनतरी एक म्हातारा आणला. त्याला या ऑपरेशनचा काही उपयोगही नव्हता नि त्रास मात्र होणार होता. मी सही केली. पगार घेतला.

हे मी घरातही फारसं सांगितलेलं नाही. "आणीबाणी बरी होती" म्हणणाऱ्याला तेवढ्यासाठी सांगतेय. पण मासुंदाकाठ, तुमचंही पूर्ण पटत नाही. मला अटकेची भीती कधीच नव्हती, मला त्या वहीची होती. वही शांत असते. नेरूळवाले म्हणतायत ते मला म्हणून कळतं.

कोपरी_पूर्व

सगळ्यांनाच विरोध. ते लाइट गेले, मिलो खाल्ला ऐकून ऐकून कान किटले. आमच्या घरात एक भाऊ या सेनेत, एक त्या सेनेत, गणपतीत आरतीला दोन वेळा ठरवाव्या लागतात. हे १९७५ मध्ये होतं का? काँग्रेस फुटली तेव्हा घरं फुटली नव्हती.

(अवांतर: मोदक मात्र दोघेही एकाच ताटातले खातात.)

वागळेचा फिटर

फुटली होती, भाऊ. १९८२ च्या गिरणी संपात आमच्या चाळीत कामावर जाणारा नि न जाणारा एकाच नळावर पाणी भरत नव्हते. पेपरात आलं नाही एवढंच.

सेक्टरवासी (नेरूळ)

बाई, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. माझ्या मुद्द्याला तुमची वही जोडू नका, तेवढा मोठा तो नाही. पण मासुंदाकाठ काकांना एकच विचारतो. तुमच्या प्रभागाचे शेवटचे नगरसेवक कोण होते? न बघता सांगा.

मासुंदाकाठ

आज संध्याकाळी हा प्रश्न बाकावर टाकला. येरवडावाला पण आला होता, पुडी त्यानेच आणली, परवाचा विषय दोघांनीही काढला नाही.

त्याला बराकीतल्या अकरा जणांची नावं गावासकट पाठ आहेत. मला १९७७ च्या मतमोजणीची रात्र घटकेघटकेने आठवते. नगरसेवक एकालाही सांगता येईना. २०१७ ला पॅनेल पद्धत होती, एका प्रभागात चारजण, त्यामुळे गोंधळ झाला असं मी म्हटलं. कोणी मान्य केलं नाही.

मग घरी निघताना येरवडावाला उठला, चष्मा पुसला, नि बाकाच्या पाठीवर वाकून वाचायला लागला. "नगरसेवक निधीतून". खाली चार नावं. दोन पुसट, एकावर कोणीतरी चुना फासलेला, एक वाचता येतं. आठ वर्षं आम्ही त्यालाच टेकून बसतोय.